वंगण

माझ्याजवळ एक जुनी बुलेट मोटारसायकल आहे. १९९४ साली मी ती घेतली, तेव्हा चिपळूणजवळच्या एका खेड्यातील शाळेत मी शिक्षक होतो. पुढे मुख्याध्यापक झालो, निवृत्तही झालो. परंतु तिने माझी सोबत सोडली नाही. तेल बदलणे, साखळीला वंगण देणे, चाकांतील हवा पाहणे, हे सारे मी नेमाने करीत असे. हँडलाच्या मुळाकडे मात्र माझे कधीच लक्ष गेले नव्हते. जे डोळ्यांना दिसत नाही, त्याची काळजी घेणे आपल्याला सुचत नाही, हेच खरे.

गेल्या पावसाळ्यानंतर हँडल जड वाटू लागले. सरळ रस्त्यावरही गाडी किंचित डावीउजवीकडे जाई. कुंभार्ली घाटातील एका वळणावर हँडल वेळेवर वळेना आणि गाडी कठड्याला अगदी लागून गेली. घाट उतरलो तो थेट माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या दुकानात.

त्याने इंजिनाखाली लाकडी ठोकळा देऊन पुढचे चाक अधांतरी केले. हँडल अडखळत फिरत होते. तो म्हणाला, "सर, खोलावं लागेल. बसा इथंच. आज तुम्ही माझे मदतनीस."

गाडीच्या सांगाड्याच्या पुढच्या टोकाशी एक आखूड नळी असते. तिच्यातून जाणाऱ्या दांड्याच्या आधाराने हँडल आणि पुढचे चाक फिरते. नळीच्या वरच्या व खालच्या तोंडाशी पोलादी वाट्या असतात आणि प्रत्येक ठिकाणी वाटाण्याएवढे १९ छर्रे. रस्त्यावरील सारे हादरे हे इवले छर्रे सोसतात. खालच्या छर्‍यांवर भार अधिक, आणि चाकाने उडविलेले पाणी व चिखलही आधी त्यांनाच. तेथील ग्रीस सुकले किंवा धुऊन गेले, की छर्रे गंजतात. हँडल बहुतेक वेळ सरळच असते. त्यामुळे ते एकाच जागी दबून वाटीला बारीक खड्डे पाडतात. मग कितीही ग्रीस भरले तरी व्यर्थ. वाट्याच बदलाव्या लागतात. माझ्या गाडीच्या वाट्या सुदैवाने गुळगुळीत होत्या. ग्रीस तेवढे वाळून काळे पडले होते.

छर्रे मी रॉकेलने धुतले, चिंधीने पुसले आणि मोजले. ३७ भरले. पुन्हा मोजले, तरी तितकेच.

"असू दे रे, एकाने काय होणार आहे?" मी म्हणालो.

तो हसून म्हणाला, "सर, पटावर ३८ मुलं असली आणि वर्गात ३७च दिसली, तर तुम्ही काय करायचा?"

त्याच्या बोलण्यात उपरोध नव्हता. माझ्या छातीत मात्र धस्स झाले. हाच मुलगा नववीत असताना एकाएकी शाळेत येईनासा झाला होता. मी त्याच्या घरी गेलो नाही, कोणाजवळ चौकशी केली नाही. काही आठवड्यांनी पटावरील त्याच्या नावावर लाल शाईची रेघ ओढली, एवढेच. त्याचे वडील तेव्हा अंथरुणाला खिळले होते, हे मला फार उशिरा कळले.

मी गुडघे टेकून शोधू लागलो. अर्ध्या तासाने तेलाच्या पिंपामागे, धुळीत, तो छर्रा सापडला.

मग वाट्यांत ताजे ग्रीस भरून मी एकेक छर्रा त्यात बसवू लागलो. ग्रीस त्यांना जागच्या जागी धरून ठेवीत होते. वरचा नट त्याने स्वतः आवळला. तो म्हणाला, "सैल राहिला तर गाडी खडखडते, जास्त आवळला तर हँडल जखडतं. चाक आपल्या भारानं दोन्हीकडे वळलं पाहिजे; पण पुढेमागे ओढलं तर जराही हलता कामा नये."

निघताना मी म्हणालो, "अरे, तू शाळेत येईनासा झालास, तेव्हा मी तुला शोधत यायला हवे होते."

तो बराच वेळ हात पुसत राहिला. मग म्हणाला, "सर, पुढच्या वर्षी पावसाळ्याआधीच गाडी घेऊन या."

घरी परतताना हँडल एका बोटाने वळत होते. मन मात्र तितके हलके झाले नव्हते.