मनी आणि मनी प्लांट

आमच्या घरात दोन मनी आहेत. एक मांजर आणि दुसरं बाल्कनीतलं प्लांट. तिसरा, म्हणजे खरा मनी, बँकेत दिवसभर माझ्या हातांतून जातो. संध्याकाळी माझ्याबरोबर घरी येण्याचं मात्र नाव काढत नाही.

मनी प्लांट चोरून आणलं तरच लाभतं म्हणतात. बँकेतल्या माणसाने चोरी करणं बरं दिसत नाही, म्हणून मी ती सौभाग्यवतीकडून करवून घेतली. पाच वर्षांत वेल छताला टेकला. बॅलन्स होता तिथेच आहे.

एका रविवारी मनीने त्या वेलाची दोन पानं चावली. थोड्या वेळाने पाहतो तर तोंडातून लाळेची धार लागलेली, आणि बाईसाहेब पंज्याने तोंड चोळताहेत.

"काही होत नाही," आई म्हणाली. "मुक्या जनावराला विष बरोबर कळतं."

मी तिला पिशवीत घातलं (मनीला, आईला नव्हे) आणि जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

"काका, या पानांत सुईसारखे बारीक स्फटिक असतात. तोंडात टोचतात. अळू खाजतं ना, त्यातलाच प्रकार. आग होते, पण सहसा जिवावर बेतत नाही."

मी हुश्श केलं.

"घरात आणखी काय काय आहे?"

शिलकेचा तपशील द्यावा तसं मी सांगू लागलो. तुळस, गुलाब ठीक. कोरफडीने मांजराचं पोट बिघडतं. खालच्या दारातली कण्हेर तर थेट हृदयावर जाते. "आणि टेबलावर एक बुके आहे. साहेबांच्या निरोपसमारंभातला. ते विसरून गेले, मी उचलून आणला. लिलीची फुलं."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मोठ्या पाकळ्यांची, वासाची लिली? आधी घरी फोन लावा!"

या लिलीचे नुसते परागकण अंगावर पडले आणि मांजराने अंग चाटलं, तरी त्याची किडनी निकामी होऊ शकते. फुलदाणीतलं पाणीसुद्धा पुरतं. उतारा असा नाही. वेळेत सलाईन लावणं, एवढंच हातात.

फोन सौभाग्यवतीने घेतला. मनीला तिने आजवर 'अवदसा' याखेरीज दुसऱ्या नावाने हाक मारली नव्हती. मी विचारलं. पलीकडे शांतता.

"अहो, सकाळी ती फुलदाणीतलं पाणी पीत होती. मी फक्त हाकललं हो..." आणि ती रडायलाच लागली.

तीन दिवस सलाईन. तीन दिवस आमच्याकडे वरणाला मीठ नव्हतं आणि कोणी मागितलंही नाही. चौथ्या दिवशी रक्ताचा रिपोर्ट आला. किडनी शाबूत.

"त्याच दिवशी आणलंत म्हणून बरं," बाई म्हणाल्या. "दोन दिवसांनी आणली असती, तर मी काही करू शकले नसते."

आणली कशामुळे? त्या दोन पानांमुळे!

बुके गेला. कण्हेर शेजाऱ्यांना देणार होतो, पण त्यांच्याकडे बोका आहे. मुक्या जनावराला सगळं कळतं, असं आई अजूनही म्हणते. मनी प्लांट मी उंच टांगलंय. ते लाभतं म्हणतात ते काही खोटं नाही. बॅलन्स वाढला नाही, पण एक मनी घरात शिल्लक राहिली.