अंतराळातली पलटण

सैनिकी विज्ञान कादंबऱ्या म्हटलं की लेझर बंदुका, अजस्र यानं आणि किळसवाणे परग्रहवासी डोळ्यांसमोर येतात. हे सगळं त्यांत असतंच, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतंही. पण अशी दहा-बारा पुस्तकं वाचल्यावर माझं एक ठाम मत झालंय. लढाई कुणीही रंगवून लिहील. लेखकाचा कस लागतो तो सैनिक घरी परततो तेव्हा.

या प्रकारातलं सगळ्यांत गाजलेलं पुस्तक म्हणजे रॉबर्ट हाइनलाइन यांचं 'स्टारशिप ट्रूपर्स' (१९५९). शाळा संपवून जॉनी रिको सैन्यात जातो, यांत्रिक चिलखत घालून कीटकांसारख्या शत्रूशी लढतो. त्या जगात मतदानाचा हक्क फक्त सेवा पूर्ण केलेल्यांना. हाइनलाइन नौदलात अधिकारी होते, पण क्षयामुळे १९३४ साली त्यांना बाहेर पडावं लागलं. युद्ध त्यांच्या वाट्याला आलं नाही. म्हणूनच की काय, पुस्तकातलं प्रशिक्षण फार जिवंत आहे. सार्जंट झिम तर विसरताच येत नाही. वर्गातली लांबलचक भाषणं मात्र मी उड्या मारत वाचली. पुढे रिकोची आई हल्ल्यात जाते, वडील स्वतःच भरती होतात. म्हणजे परत जायला घरच उरत नाही. आणि लेखकाला त्याचं फारसं काही वाटत नाही, पलटण हेच घर झालं म्हणून तो खूशच दिसतो. मला पुस्तक खटकतं ते इथं.

जो हाल्डमन यांना सक्तीच्या भरतीनं व्हिएतनामला नेलं, तिथं ते जखमी झाले. त्यांच्या 'द फॉरेव्हर वॉर' (१९७४) मधला विल्यम मंडेला भौतिकशास्त्र शिकलेला, कायद्यानं ओढून नेलेला. प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास प्रवास केल्यामुळे त्याचा काळ हळू चालतो. फिजिक्सच्या तासाला कोरडा वाटणारा आइन्स्टाइनचा नियम इथं माणसाचं घर मोडतो. त्याची दोनेक वर्षं जातात, तेवढ्यात पृथ्वीवर पाव शतक उलटतं. परत येतो तर वडील वारलेले, आई म्हातारी, शहर अनोळखी. गंमत म्हणजे, नेमका हाच घरवापसीचा भाग 'ॲनालॉग' मासिकाचे संपादक बेन बोवा यांना फार उदास वाटला होता. हाल्डमननी तो बदलून दिला, आणि मूळ मजकूर बऱ्याच वर्षांनी नव्या आवृत्तीत परत आला. लढाया मात्र जशाच्या तशा छापल्या गेल्या!

हे मला इतकं का लागलं, ते बेळगावात राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. मराठा सेंटर इथंच. माझे काका मराठा लाइट इन्फंट्रीत हवालदार होते. ते एकदा सुट्टीवर आले होते, तेव्हा त्यांच्या तीन वर्षांच्या मुलानं काकूला सगळ्यांसमोर विचारलं, "हे पाव्हणं कवा जाणार?" घरात अजून यावर हसतात. काका हसत नाहीत.

गेल्या दिवाळीत मी त्यांना या गोष्टी मराठीत सांगितल्या. यांत्रिक चिलखताबद्दल ऐकून त्यांचा पहिला प्रश्न, "बॅटरी उतरली की काय करायचं म्हणे?" मंडेलाचा इतक्या वर्षांचा पगार व्याजासकट साचला होता हे ऐकून, "आमचं एरियर्स बघ आणि त्याचं बघ!" मग आईचा भाग आला. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "सुट्टी किती दिवसांची होती त्याची?"

"सुट्टी नव्हे काका, त्याला सोडलंच होतं. तोच परत भरती झाला."

"होणारच की."

पलटणीतून निवृत्त होऊन वर्ष झालं नाही तोच काकाही डी.एस.सी.त, म्हणजे माजी सैनिकांना पुन्हा घेणाऱ्या दलात, गेले. त्या दिवाळीला तिथूनच आले होते.

'एंडर्स गेम' (१९८५) मधलंही माझं आवडतं प्रकरण युद्धशाळेतलं नाही. एंडर तळ्यावर तराफा बांधतो आणि बहिणीशी बोलत बसतो, ते. तीही भेट सैन्यानंच घडवून आणलेली, तो परत लढायला जावा म्हणून! जॉन स्काल्झी यांच्या 'ओल्ड मॅन्स वॉर' (२००५) मध्ये पंचाहत्तरीचे लोक भरती होतात आणि त्यांना तरुण, हिरवी शरीरं मिळतात. संवाद झकास, एका बैठकीत संपतं. पण अट अशी की पृथ्वीवर पुन्हा यायचं नाही. म्हणजे सुट्टीचा प्रश्नच मिटला. हुशारी आहे, पण पळवाटही आहे.

तो तीन वर्षांचा पोरगा आता एकोणीसचा आहे. अग्निवीर भरतीसाठी रोज पहाटे पळायला जातो. त्याला सार्जंट झिमचे किस्से पुन्हा पुन्हा हवे असतात, ते मी सांगतेच. मंडेलाची गोष्टही सुरू केलीय. परवा आम्ही आईच्या भेटीपर्यंत आलो आणि त्यानं विचारलं, "मग वळखलं काय तिनं त्याला?"