स्पष्टतेचे अंतर

मुलाच्या प्लेस्टेशन ५ साठी हाय डेफिनिशन मॉनिटर निवडताना, शब्दांच्या सूक्ष्म छटा शिकवण्यात हयात घालवलेल्या आम्हा दोघांची आकड्यांपुढे भंबेरी उडाली. आम्ही सर्वांत मोठा, ३२ इंची पडदा पसंत केला. मुलगा म्हणाला, "आई, त्यातही १९२० गुणिले १०८० पिक्सेलच आहेत. २४ इंचांत तेच दाट बसतात. मी टेबलाशी, अगदी जवळ बसणार ना!" विस्तार म्हणजे स्पष्टता नव्हे, हे आम्ही वर्गात कितीदा सांगितले असेल! २४ इंची घेतला. आजवर त्याच्या खेळाकडे आम्ही दारातूनच, नापसंतीने पाहत आलो होतो. त्या रात्री त्याने शेजारी दोन खुर्च्या मांडल्या. जवळून पाहूनही खेळ कळला नाही. मुलगा मात्र थोडा कळला.