पंखा फिरतोय, डिस्प्ले नाही

आमच्या नात्यागोत्यात 'कॉम्प्युटर इंजिनिअर' म्हणजे कॉम्प्युटरचं सगळं कळणारा माणूस. प्रिंटरमध्ये कागद अडकला, वायफाय गेलं, मामाच्या मोबाइलवर ओटीपी येईना, की फोन मला. मी पुण्यात एका कंपनीत पेमेंटचं बॅकएंड लिहितो. माझा कोड ज्या मशीनवर चालतो ते मशीन मी कधी पाहिलेलं नाही. इंजिनिअरिंगला मायक्रोप्रोसेसरचा पेपर होता, ८०८६च्या ४० पिना पाठ केल्या होत्या, पेपर झाल्यावर विसरलो. खराखुरा मदरबोर्ड हातात घेऊन त्यात प्रोसेसर बसवायची वेळ चार वर्षांत एकदाही आली नाही. हे मी घरी कधी सांगितलं नाही. सांगायची गरजच पडली नाही, २०२२च्या मे महिन्यापर्यंत.

त्या महिन्यात मावशीची भिशी लागली. चाळीस हजार. त्यातून सोन्याला दुकान टाकून द्यायचं ठरलं. सोन्या माझा मावसभाऊ, माझ्याहून सहा वर्षांनी लहान. आयटीआय इलेक्ट्रिशियन. सांगोला तालुक्यातलं गाव, रस्त्याकडेचा एक गाळा. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, आणि जमलं तर वाढदिवसाच्या आणि निवडणुकीच्या फ्लेक्सची डिझाइनं. त्या वर्षी जूनमध्ये बारावी आणि दहावीचे निकाल लागणार होते आणि मग दाखले, प्रवेशाचे फॉर्म, स्कॉलरशिप यांची झुंबड उडणार होती. वर्षाची निम्मी कमाई त्याच दिवसांत होते असं सोन्याने हिशेब करून सांगितलं होतं. मावशी फोनवर म्हणाली, "तू सांगशील तो कॉम्प्युटर घेऊ. तुझ्याशिवाय आम्हाला कोण सांगणार?"

मी एक एक्सेल शीट केली. मला शीट करायला आवडतं. शीट केली की आपल्याला विषय कळतो असं वाटायला लागतं.

प्रोसेसर आधी ठरला, रायझन ५ ५६००जी. कारण त्यात ग्राफिक्स आतच असतं, वेगळं कार्ड घ्यावं लागत नाही. मग मदरबोर्ड. मदरबोर्ड स्वतः काही मोजत नाही की साठवत नाही. तो बाकीच्यांना एकमेकांशी बोलायला लावतो, आणि म्हणूनच तो चुकला तर बाकी सगळं असून नसल्यासारखं. पहिला प्रश्न सॉकेटचा. हा प्रोसेसर एएम४ सॉकेटचा, म्हणजे बोर्डही त्याच सॉकेटचा हवा. दुसरा प्रश्न चिपसेटचा. बी४५० हा २०१८ सालचा, बी५५० हा २०२० सालचा. तिसरा प्रश्न व्हीआरएमचा. पॉवर सप्लायमधून १२ व्होल्ट येतात आणि प्रोसेसरला एक-सव्वा व्होल्टच्या आसपास लागतात. ते उतरवून देणारं सर्किट स्वस्त बोर्डात किरकोळ असतं आणि दिवसभर लोड आला की तापतं. मग रॅमचे स्लॉट. आतलं ग्राफिक्स रॅमच वापरतं, त्यामुळे १६ची एक पट्टी घेण्यापेक्षा ८च्या दोन बऱ्या. शेवटी आकार, मायक्रो एटीएक्स, २४४ मिलिमीटर, म्हणजे छोट्या कॅबिनेटमध्ये मावतो.

शीटमध्ये अकरा कॉलम होते. बी४५०चा बोर्ड बी५५०पेक्षा तीन हजारांनी स्वस्त पडत होता. सॉकेट तोच, स्लॉट तेवढेच. तीन हजारांत चांगला पॉवर सप्लाय येत होता. मी बी४५०वर टिक केली, सगळी ऑर्डर टाकली आणि ग्रुपवर शीटचा स्क्रीनशॉट पाठवला. मामाने अंगठा दाखवला. सोन्याने विचारलं, "दादा, सगळं एकमेकांना बसतंय ना?" मी लिहिलं, "डोळे झाकून."

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सगळे खोके पोचले. व्हिडिओ कॉल लावून आम्ही जोडणी केली. म्हणजे जोडणी सोन्याने केली, मी पुण्यातून सूचना दिल्या. बटण दाबलं. पंखे फिरले, बोर्डावरचा दिवा लागला, मॉनिटर मात्र काळा. 'नो सिग्नल'. पाठीमागून मावशीचा आवाज आला, "आलं का?"

पुढचे अकरा दिवस ती रोज हे विचारत होती.

कॉम्प्युटर सुरू होतो पण डिस्प्ले येत नाही, हा आजार सगळ्यात चिवट. तापासारखा तो कशानेही येतो. रॅम नीट बसली नसेल, प्रोसेसरजवळची आठ पिनांची वायर राहिली असेल, बोर्डाखालचा स्क्रू नको तिथे टेकत असेल, प्रोसेसरची पिन वाकली असेल. उपाय एकच, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय होतं ते बघायचं. ऑफिसात हे मी नव्या मुलांना शिकवतो. सिस्टिम कोसळली की पहिला प्रश्न, शेवटचा बदल काय झाला? दुसरा, तो कुणी केला?

इथे मी तसं काहीच केलं नाही. मिटिंग चालू असताना कॅमेरा बंद करून मी सोन्याला एकेक हुकूम सोडत होतो. रॅम काढ, सोनेरी पट्टीवर खोडरबर घास, परत लाव. एकच पट्टी लाव, प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये. बोर्डावरचा गोल सेल काढ, पाच मिनिटं थांब, परत घाल. प्रत्येक वेळी तेच. पंखा फिरतोय, डिस्प्ले नाही.

मग माझा संशय गावाकडे वळला. "तुमच्याकडे लाइटचा भरवसा नाही. अर्थिंग आहे का नीट?" सोन्या क्षणभर गप्प राहिला. "दादा, गाळ्याचं अर्थिंग मीच केलंय. मोजून दाखवू का?" तो इलेक्ट्रिशियन होता हे मी विसरलो होतो. पॉवर सप्लाय गेला असेल म्हणालो, तर त्याने तो आधीच तपासला होता. चोवीस पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी आणि काळी वायर तारेच्या तुकड्याने जोडून सप्लाय एकटा चालू केला होता आणि मल्टिमीटर लावला होता. बारा पूर्णांक एक व्होल्ट.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी त्याने विचारलं, "दादा, ते बायोस काय असतं? त्याचा काही संबंध असंल का?"

मी म्हणालो, "ते राहू दे. तू आधी रॅम बघ."

आठव्या दिवशी मी त्याला कूलर काढायला लावला. एएम४मध्ये पिना प्रोसेसरला असतात, १३३१, आणि सॉकेटची पकड तेवढी घट्ट नसते. मधली पेस्ट चिकटलेली असली तर कूलर सरळ वर ओढल्यावर प्रोसेसरही उपटून येतो. आधी कूलर डावी-उजवीकडे फिरवून सैल करायचा असतो. हे मला सांगायचं सुचलं नाही, कारण मला ते माहीतच नव्हतं. प्रोसेसर कूलरला लटकून वर आला आणि कोपऱ्यातली एक पिन आडवी झाली.

"अरे, हळू ना! तूच काहीतरी केलंयस पहिल्यापासून."

हे वाक्य मी बोललो. कॉल चालू होता, स्पीकरवर होता. मावशी मागेच उभी होती. सोन्याने कॅमेरा टेबलावर पालथा ठेवला. थोड्या वेळाने त्याचा मेसेज आला, फोटोसकट. शेजारच्या पोराची पेन-पेन्सिल घेऊन, शिसं काढून, तिच्या नळीत पिन अडकवून त्याने ती सरळ केली होती.

त्या रात्री मला झोप आली नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. झोप आली. सकाळी वाईट वाटलं. शनिवारी रात्री स्वारगेटहून एसटी पकडली.

रविवारी सकाळी गाळ्यात पोचलो. बाहेर बोर्ड लागला होता, 'येथे सर्व ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील'. समोरच्या दुकानात पोरांची रांग होती. आत टेबलावर कॅबिनेट उघडं पडलेलं आणि शेजारी एक दोनशे पानी वही. मी ती सहज उघडली. तारीख, काय बदललं, काय झालं, असे तीन रकाने आखलेले होते. पंचवीसेक नोंदी. ज्याला मी ऑफिसात 'शिस्त' म्हणतो ते सगळं त्या वहीत होतं. शेवटच्या पानावर बोर्डाचं मॉडेल, आणि खाली लिहिलेलं: 'कंपनीच्या साइटवर यादी आहे. आपला प्रोसेसर यादीत आहे. पण शेजारी बायोसचं व्हर्जन दिलंय, त्याच्या पुढचं पाहिजे. आपल्या बोर्डावरच्या स्टिकरवर जुनं आहे.' समोर तारीख. चार दिवसांपूर्वीची.

मी फोनवर ती यादी उघडली. दोन मिनिटं लागली. माझ्या शीटमध्ये अकरा कॉलम होते आणि हा बारावा नव्हता.

गोष्ट साधी आहे. बटण दाबल्यावर प्रोसेसर पहिल्या सूचना बोर्डावरच्या एका छोट्या चिपमधून वाचतो. तेच बायोस. बी४५०चे बोर्ड २०१८पासूनचे, हा प्रोसेसर २०२१चा. बोर्ड गोदामात पडून राहिला असेल तर त्यातल्या बायोसने या प्रोसेसरचं नावही ऐकलेलं नसतं. पंखे फिरतात, कारण पंख्याला फक्त वीज लागते. ओळख पटत नाही म्हणून पुढे काहीच होत नाही. मुळात हे प्रोसेसर या बोर्डांवर चालतील की नाही यावरूनच वाद झाला होता. मे २०२० मध्ये एएमडीने सांगितलं की ४०० मालिकेच्या बोर्डांवर पुढच्या पिढीचे प्रोसेसर चालणार नाहीत. एक कारण बायोसच्या चिपमधली अपुरी जागा. लोक भडकले आणि त्याच महिन्यात कंपनीने निर्णय फिरवला. चालतील, पण बायोस अपडेट केल्यावर. काही बोर्डांवर जागा करण्यासाठी जुन्या प्रोसेसरांची नावं काढून टाकावी लागली. सॉकेट तोच होता म्हणून मी डोळे झाकले. सॉकेट जुळणं म्हणजे पत्रिका जुळणं, संसार पुढेच.

"सोन्या, हे तुला चार दिवस माहीत होतं?"

"हं."

"मग बोलला का नाहीस?"

तो वायरी गुंडाळत होता. "विचारलं होतं की मी. तू म्हणाला, राहू दे. मला वाटलं तुला माहीतच असंल. तू काहीतरी विचार करूनच ती पायरी शेवटी ठेवली असशील."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही. मी वीज, कुरिअर, पॉवर सप्लाय आणि सोन्या, अशा क्रमाने संशय घेत गेलो होतो. या यादीत मी नव्हतो. शेवटचा बदल काय झाला, तर बोर्डाची निवड. तो कुणी केला, तर मी. ऑफिसात दहा मिनिटांत जे विचारलं असतं ते इथे अकरा दिवस विचारलं नाही, कारण इथे मला कुणी विचारणारंच नव्हतं. एक होता. त्याला मी रॅम बघायला लावलं.

आता अडचण अशी की बायोस अपडेट करायला कॉम्प्युटर चालू व्हावा लागतो आणि तो चालू व्हायला नवीन बायोस लागतं. महागड्या बोर्डांवर प्रोसेसरशिवाय, नुसत्या पेन ड्राइव्हवरून अपडेट करायचं बटण असतं. आमच्यावर नव्हतं. मग जुना प्रोसेसर शोधायचा, जो या बायोसला ओळखतो. सोन्यानेच फोन फिरवले. पंढरपूरच्या एका दुरुस्तीवाल्याकडे रायझन ३ ३२००जी होता. आम्ही कॅबिनेट पोत्यात गुंडाळून मोटरसायकलवर नेलं. सोन्या चालवत होता, मी मागे मूल धरावं तसं ते मांडीवर धरून.

दुरुस्तीवाल्या काकांनी कहाणी ऐकली आणि सोन्याकडे बघून विचारलं, "कुणी निवडला बोर्ड?"

सोन्या म्हणाला, "आम्हीच."

मी म्हणालो, "मी."

काकांनी कूलर आधी फिरवून सैल केला, मग उचलला. मी बघत होतो. जुना प्रोसेसर घातला, बटण दाबलं, आणि अकरा दिवसांनी स्क्रीनवर अक्षरं आली. पेन ड्राइव्ह एफएटी३२मध्ये फॉरमॅट करून त्यात बायोसची फाइल टाकली होती. अपडेट चालू असताना लाइट गेली तर बोर्ड कायमचा मरू शकतो, म्हणून काकांनी आधी मशीन इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतलं. हिरवी पट्टी हळूहळू पुढे सरकत गेली. कुणी बोललं नाही. मग आमचा प्रोसेसर परत बसवला, ती सरळ केलेली पिन धरून. डिस्प्ले आला. काकांनी तीनशे रुपये घेतले आणि चहा पाजला.

सोन्याने मावशीला फोन लावला. "आलं," एवढंच म्हणाला.

तीन हजार वाचवले होते मी. त्या बदल्यात निकालानंतरची रांग समोरच्या दुकानात गेली. किती गेले हे सोन्याने कधी सांगितलं नाही. मी भरपाई म्हणून पैसे पाठवले, तर त्याने परत केले. यूपीएस घेऊन दिला तो मात्र ठेवला, कारण तो लागणार होता. मावशीला मी सांगितलं की चूक सोन्याची नव्हती. ती म्हणाली, "मला माहीत होतं. तो घरात काही मोडत नाही."

तुम्ही बोर्ड घेणार असाल तर कंपनीच्या साइटवरची प्रोसेसरची यादी आधी उघडा, आणि नावाशेजारचा बायोसचा रकानाही वाचा. दुकानातून घेत असाल तर तिथेच प्रोसेसर लावून सुरू करून मागा. आणि तुमच्या हाताखालच्या, धाकट्या, कमी शिकलेल्या कुणी दबकत एखादा प्रश्न विचारला, तर 'ते राहू दे' म्हणण्याआधी थांबा. हे शेवटचं कुठल्याच यादीत नसतं.

यंदा आत्याच्या मुलीला कॉम्प्युटर घ्यायचा होता. फोन अर्थात मला आला. मी शीट केली, बारा कॉलमची, आणि सोन्याला पाठवली. दहा मिनिटांत उत्तर आलं: 'दादा, तिसरा बोर्ड नको. रॅमचे स्लॉट दोनच आहेत, पुढं वाढवता येणार नाही.'

मी तिसरा बोर्ड काढून टाकला आणि आत्याला सोन्याचा नंबर दिला.