कड

नवा पोरगा कामाला आला की मी त्याच्या हातात कात्री देतो आणि शेडनेटच्या तुकड्याला भोक पाडायला सांगतो. मग गोणपाटाला. गोणपाटाचे दोरे लगेच सुटायला लागतात. जाळीचं भोक तेवढंच राहतं. गोणपाट मागावरचं, ही जाळी सुयांवरची. आपण दोन्हीला ‘विणणं’च म्हणतो, त्यामुळे फरक ध्यानात येत नाही. आजीचा स्वेटरही सुयांवरचाच, पण एक टाका निसटला की उसवतो. शेडनेट ज्यावर विणतात त्या रॅशेल यंत्रावर शेजारशेजारचे टाके एकमेकांत अडकवलेले असतात, म्हणून जाळी उसवत नाही.

नारायणगाव, ओतूर, मंचर, घोडेगाव या पट्ट्यात मी शेडनेट उभी करतो. रोपवाटिका, ढोबळी मिरची. लोक याला शेतीचं सामान समजतात. माझ्या लेखी ते कापडाचं छप्पर आहे. जीआय पाइपांचा सांगाडा, कडेला चॅनल, चॅनलमध्ये जाळी दाबून वर झिगझॅग स्प्रिंग. सगळा भार शेवटी त्या स्प्रिंगवर.

हे कळायला मला माझंच पहिलं काम बिघडवावं लागलं. मे महिन्यात, भर दुपारी, जाळी ढोलकीसारखी ताणली. दिसायला झकास! डिसेंबरच्या पहाटे प्लास्टिक आकसलं आणि एक अख्खी कड चॅनलमधून बाहेर आली. पुढच्या कामाला घाबरून इतकी ढील दिली की वाऱ्यात जाळी पाइपावर घासून झिजली.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा एका पॉलीहाऊसचा कागद शिडासारखा फुगून पाइपांसकट गेला. शेजारच्या शेडनेटमधून वारा गाळून निघाला. ती कडेला फाटली, खांब जागेवर राहिले.

परवा आर्किटेक्चर शिकणाऱ्या भाच्याने मेक्सिको सिटीतला 2018 चा एक व्हिडिओ दाखवला. झुरिकच्या ईटीएच संस्थेतल्या लोकांनी झाहा हदीदच्या कंपनीबरोबर काँक्रीटचं पातळ कवच उभारलेलं. सेंटरिंगला फळ्या नाहीत, विणलेलं कापड. 36 तासांत यंत्रावर विणून सूटकेसमधून नेलेलं. त्यात विणतानाच फुग्यांसाठी खिसे ठेवलेले. आधाराला तारांची जाळी, वर सिमेंटचा पातळ लेप, आणि मग सुमारे 5 टन काँक्रीट!

"मामा, कसलं भारी ना?" भाचा म्हणाला.

"मागं घे जरा," मी म्हटलं. "कड चौकटीला कशी धरलीय ते दिसू दे."

दुसऱ्या दिवशी आंबेगावातल्या एका कामावर मालक आबा खालून ओरडत होते, "अजून ताण की रं!"

"नको आबा," मी शिडीवरून म्हटलं आणि चार बोटं ढील सोडली.