नात्याची जामीनकी

'जामीन' हा शब्द आपल्या भाषेत थोडा धाक घेऊनच वावरतो. घरातील वडीलधारी माणसे मुलांना ज्या चार गोष्टी बजावून सांगत, त्यांत 'कोणाला जामीन राहण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा' ही एक हमखास असे. शिक्षकाच्या पेशात तर हा शब्द वरचेवर भेटतो. पतपेढीतून मुलीच्या लग्नासाठी किंवा घराच्या दुरुस्तीसाठी कर्ज काढावयाचे म्हणजे दोन सहकाऱ्यांच्या सह्या लागतात. मधल्या सुट्टीत चहा पिता पिता सही होते. पुढे कर्जदाराचे हप्ते थकतात, जामीनदाराच्या पगारातून रक्कम कापली जाऊ लागते, आणि त्या चहाची खरी किंमत तेव्हा कळते.

हाच शब्द २०२५ साली आमच्या आप्तवर्गात सातासमुद्रापलीकडून आला. आणि तोही कर्जाच्या नव्हे, संसाराच्या निमित्ताने.

माझी भाची लहानपणीच आईवडिलांबरोबर अमेरिकेस गेली, तेथेच शिकली आणि तेथील नागरिक झाली. वडील निवृत्त झाल्यावर माझी बहीण व मेहुणे बडोद्यास परतले. मुलीने मात्र तेथेच राहून परिचर्येचा अभ्यासक्रम धरला. तिचे लग्न येथीलच एका सुशिक्षित, नोकरदार मुलाशी झाले. लग्नानंतर नवऱ्याला तेथे नेण्यासाठी तिने रीतसर अर्ज केला व तो मंजूरही झाला. मग पुढचा कागद आला : 'आय-८६४' क्रमांकाचे आधाराचे शपथपत्र. त्यात सरकार पत्नीला विचारीत होते, 'तुमचे वार्षिक उत्पन्न किती? नवऱ्याला पोसण्याची तुमची ऐपत आहे काय?'

आमच्या बहिणीला हा प्रश्न अपमानास्पद वाटला. 'दादा, माझा जावई काय कोणावर बसून खाणारा आहे?' असे ती मला म्हणाली. मला मात्र थोडी गंमत वाटली. लग्नाच्या बैठकीत 'मुलगा काय मिळवतो?' हा प्रश्न आपण पिढ्यान्‌पिढ्या विचारीत आलो. आता एक परके सरकार तोच प्रश्न मुलीला विचारीत होते, एवढाच फरक. शिवाय सरकारला चिंता होती ती मुलाच्या सुखाची नव्हे, स्वतःच्या तिजोरीची.

ही चिंता आजची नाही. स्वतःचा निर्वाह करू न शकणारा आणि सार्वजनिक खजिन्यावर भार होणारा मनुष्य देशात येऊ देऊ नये, असे कलम अमेरिकेच्या १८८२ च्या कायद्यात होते. पुढे नातलगांकडून हमीपत्रे घेतली जात, पण न्यायालयात त्यांची अंमलबजावणी करवून घेणे कठीण जाई. १९९६ च्या कायद्याने ती उणीव भरून काढली, आणि डिसेंबर १९९७ पासून आजचे शपथपत्र आले. हे केवळ सदिच्छेचे पत्र नव्हे, तर सरकारशी केलेला, न्यायालयात बजावता येणारा करार आहे.

त्याचा हिशेब वरवर सोपा आहे. अमेरिकन सरकार दरवर्षी दारिद्र्यरेषेचे कोष्टक प्रसिद्ध करते. जामीनदाराचे उत्पन्न त्याच्या कुटुंबाच्या आकाराला लागू पडणाऱ्या रकमेच्या निदान सव्वापट असले पाहिजे. सैन्यात प्रत्यक्ष सेवेवर असलेल्या व्यक्तीला पती, पत्नी किंवा मूल आणावयाचे असेल तर मूळ रक्कमच पुरते. सव्वापटीची अट नाही. अलास्का व हवाई वगळता २०२५ च्या कोष्टकात दोन माणसांच्या कुटुंबासाठी २१,१५० डॉलर ही रेषा होती; तिची सव्वापट २६,४३७ डॉलर होते. भाची शिक्षण सांभाळून अर्धवेळ काम करीत होती. तिचे उत्पन्न १९,००० डॉलरच्या आसपास होते. म्हणजे ७,४३७ डॉलर कमी पडत होते.

या रेषेचा उगम शोधताना मला एक जुनी ओळख पटली. सामाजिक सुरक्षा खात्यातील मॉली ऑर्शान्स्की या विदुषीने १९६३-६४ च्या सुमारास ती आखली. कुटुंबाच्या काटकसरीच्या जेवणाचा खर्च काढावयाचा आणि त्याची तिप्पट करावयाची, असे तिचे गणित होते. कारण त्या काळी तेथील कुटुंबाचा सुमारे एक तृतीयांश खर्च अन्नावर होई. आपल्याकडे वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्याचा अभ्यास मांडला, तेव्हा माणशी रोज २,२५० उष्मांक हा आधार घेतला होता. दोन्हीकडे विद्वानांनी शेवटी ताटाकडेच पाहिले. फरक एवढाच, की तेथे हे ताट नवराबायकोने एका घरात जेवावे की नाही हेही ठरवू लागले.

घरात मग तोडगे निघू लागले. जावयाचा येथील पगार मोजावा, असे कोणी सुचविले. पण तो गाव सोडताच थांबणार, म्हणून उपयोगाचा नाही. मेहुण्यांनी सही करावी, तर जामीनदाराचे कायम वास्तव्य अमेरिकेत असावे लागते, आणि ते आता बडोदेकर झालेले. मिळकत दाखवावी, तर नियम असा की नागरिकाच्या पती वा पत्नीच्या बाबतीत तुटीच्या तिप्पट मालमत्ता पुरते; इतर बहुतेक नात्यांत ती पाचपट लागते. आमची तिप्पट २२,३११ डॉलर होत होती. जावयाच्या घरच्यांचे दांडिया बाजारातील वडिलोपार्जित घर याहून कितीतरी मोलाचे! परंतु ती मालमत्ता जामीनदाराची किंवा येणाऱ्या माणसाची स्वतःची हवी, आणि वर्षभरात तिचे रोख पैसे करता आले पाहिजेत. घराच्या उताऱ्यावर आजोबांचे नाव, त्याखाली पाच वारस. एकत्र कुटुंबाची आपण जिला श्रीमंती म्हणतो, ती त्या कोष्टकाच्या एकाही रकान्यात बसेना.

राहिला एक मार्ग : दुसरा जामीनदार. भाचीचे धाकटे काका तिच्याच राज्यात स्थायिक आहेत. पत्नी व दोन मुले मिळून ती चार माणसे. येणारा जावई धरून पाच. पाच माणसांच्या कुटुंबाला २०२५ च्या हिशेबाने ४७,०६२ डॉलर लागत होते, आणि काकांचे उत्पन्न त्याहून चांगले होते. सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण काकांनी 'विचार करून सांगतो' असे कळविले, आणि दोन आठवडे उत्तर आले नाही. बहिणीच्या घरी संताप झाला. 'एका सहीने यांचे काय जाणार होते?' असे म्हणत, त्यांची समजूत घालण्याची कामगिरी त्यांनी माझ्यावर सोपविली. मास्तर मनुष्य चार शब्द बरे बोलेल, अशी अपेक्षा असावी.

समजूत घालण्यापूर्वी मी तो सबंध कागद वाचून काढला, आणि वाचता वाचता काकांचे मौन मला समजू लागले. सहीचे बंधन एकदोन वर्षांचे नाही. येणारा माणूस नागरिक होईपर्यंत, किंवा त्याच्या खाती कामाच्या चाळीस तिमाह्या, म्हणजे साधारण दहा वर्षे, जमा होईपर्यंत, अथवा तो कायमचे वास्तव्य सोडून देशाबाहेर जाईपर्यंत किंवा मृत्यू पावेपर्यंत ते टिकते. मधल्या काळात त्याने गरिबांसाठी असलेली काही सरकारी मदत घेतली, तर सरकार ती रक्कम जामीनदाराकडून वसूल करू शकते. तो माणूस स्वतःही त्या सव्वापटीच्या मर्यादेपर्यंत निर्वाहखर्च मागू शकतो. पत्ता बदलला तरी जामीनदाराने तीस दिवसांत कळवावे लागते. आणि सर्वांत विचार करावयास लावणारे कलम हे, की घटस्फोट झाला तरी हे बंधन सुटत नाही. सप्तपदी मोडते, शपथपत्र मोडत नाही!

ज्या माणसाने आपल्या मुलांच्या शिक्षणाचा हिशेब डोळ्यांसमोर ठेवून दोन आठवडे विचार केला, त्याला कंजूष कसे म्हणावे? मी बहिणीला व मेहुण्यांना समोर बसवून एकेक कलम मराठीत समजावून दिले. मेहुणे बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, 'हे ठाऊक असते, तर मी त्याला अशा सुरात फोन केला नसता.'

त्यानंतर जे झाले ते मला कागदापेक्षा महत्त्वाचे वाटते. दोन्ही घरची माणसे प्रथमच मोकळेपणी पैशाविषयी बोलली. जावयाच्या वडिलांनी काही रक्कम मुलाच्या नावे ठेव म्हणून ठेवली, ती केवळ काकांवर पाळी आल्यास वापरावयाची. भाचीने अभ्यासक्रम संपताच पूर्णवेळ नोकरी धरण्याचे, आणि जावयाने पदवीचा तोरा न मिरवता मिळेल त्या कामाने सुरुवात करण्याचे कबूल केले. नागरिकाशी विवाह झालेल्याला, सहजीवन टिकून असल्यास, कायम वास्तव्याच्या तीन वर्षांनंतर नागरिकत्व मागता येते. तेव्हा मुदत साधताच अर्ज करून काकांना मोकळे करावयाचे, असेही ठरले. अमेरिकेच्या न्यायालयात या बोलण्याला काडीची किंमत नाही. पण काकांनी चौथ्या दिवशी सही करून कागद पाठविले, ते या बोलण्याच्या भरवशावर.

सर्वच देश एकाच मापाने मोजीत नाहीत. कॅनडात पती किंवा पत्नीला बोलाविताना सर्वसाधारणपणे उत्पन्नाची किमान अट नाही. क्वीबेकबाहेर तीन वर्षांच्या निर्वाहाची हमी मात्र द्यावी लागते. ब्रिटनने उलट वाट धरली. २०१२ साली तेथे वार्षिक १८,६०० पौंडांची अट आली, ती एप्रिल २०२४ मध्ये २९,००० पौंडांवर गेली. परदेशात राहणाऱ्या जोडीदाराचा तेथील पगार हिशेबात धरला जात नाही. केवळ शिलकीवर जावयाचे तर तो आकडा ८८,५०० पौंडांचा होतो. तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये किमान उत्पन्नाची अट तत्त्वतः वैध मानली, परंतु मुलांच्या हिताकडे नियमांनी पुरेसे लक्ष दिले नाही, असाही निर्णय दिला. दुकानात वा रुग्णालयात राबणाऱ्या मुलीला हा आकडा डोंगराएवढा, तर मोठ्या पगाराच्या अधिकाऱ्याला तो दिसतही नाही. प्रेम दोघांचे सारखेच असले, तरी वियोग मात्र उत्पन्नाच्या व्यस्त प्रमाणात वाट्याला येतो, ही या साऱ्या कायद्यांतील न बुजणारी फट आहे.

आपल्यापैकी कित्येकांची मुले परदेशी आहेत. तेव्हा असा कागद उद्या आणखी कोणाच्या घरी येईल. तो आला म्हणजे उत्पन्नाच्या प्रश्नाने कोणी दुखावून जाऊ नये. आणि ज्याच्याकडे सही मागावयाची, त्याच्यापुढे सहीची जागा दाखविणारे बोट नव्हे, तर सगळा कागद ठेवावा. 'नुसती सही' म्हणून घेतलेली सही नात्याला आतून पोखरते. भार समजावून देऊन घेतलेली सही मात्र नात्याची खरी कमाई असते, आणि तिची नोंद कोणत्याही सरकारच्या कोष्टकात होत नाही.

२०२५ च्या अखेरीस मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत जावयाची मुलाखत झाली आणि व्हिसा मिळाला. निघण्यापूर्वी तो नमस्कारास आला, तेव्हा मी त्याला एकच विचारले, 'तेथे पोहोचल्यावर पहिला फोन कोणाला करणार?' तो म्हणाला, 'काकांना.' मुलगा समजूतदार आहे, अशी माझी खात्री झाली.