माळी पाहिजे

गावाकडे घर असलेल्या माझ्या ऑफिसातल्या प्रत्येकाकडे बागेचा एक प्लॅन असतो. कुणी एक्सेलमध्ये झाडांची यादी केलेली असते, कुणी ड्रिपचा नकाशा काढलेला असतो. एकाने तर झाडागणिक क्यूआर कोड लावायचं ठरवलंय. माळी मात्र कुणाकडेच नसतो! "तो काय, गावात मिळेल कुणीतरी," असं म्हणून तो मुद्दा शेवटच्या ओळीत ढकललेला असतो.

आमचं घर करकंबला. पंढरपूरहून टेंभुर्णीकडे जाताना लागतं. पुण्यापासून साधारण चार तास. डोंगरउतार, धुकं वगैरे रोमँटिक काही नाही, सगळं सपाट काळं रान. घर गावाबाहेर, मळ्यात. मागे दहा गुंठ्यांत वडिलांनी लावलेली झाडं: दोन केशर आंबे, एक चिकू, चार कागदी लिंबं, सहा डाळिंबं, शेवगा, कढीपत्ता, मोगरा आणि एक बोर. वडील गेले, आई गुडघ्यांमुळे पुण्यात आमच्याकडे आली, आणि झाडं तिथेच राहिली. २०२२च्या पाडव्याच्या आधी मी माळी शोधायला लागलो.

पाडव्याच्या आधी, कारण आमच्या भागात माणूस ठेवायची वेळ तीच. सालगड्याचं साल पाडव्याला सुरू होतं आणि पुढच्या पाडव्याला संपतं. वर्षाची रक्कम ठरते, त्यातली मोठी उचल आधीच द्यायची, वर धान्य, कपडे. दुसरा प्रकार रोजंदारीचा: काम असेल त्या दिवशी बोलवा, संध्याकाळी हजेरी द्या. तिसरा वाट्याचा: खर्च आणि उत्पन्न ठरल्याप्रमाणे वाटून घ्यायचं.

दहा गुंठ्यांच्या बागेला यातलं काहीच बसत नाही. सालगडी ठेवावा एवढं काम नाही, वाटा द्यावा एवढं पीक नाही. आणि रोजंदारीचं काय, ते मामांनीच सांगितलं. (मामा म्हणजे आमचे माळी. वय साठीच्या आसपास, दोन मळे सोडून पलीकडे राहतात.)

"दादा, काम तासा-दीड तासाचं हाय. पर रोजचं हाय. रोजचं काम रोजानं कोन करनार?"

माझ्या धंद्यात याला ऑन-कॉल म्हणतात. प्रत्यक्ष काम थोडं, पण कुणीतरी सतत लक्ष ठेवून हवं. ड्रिप आहे, टायमरही आहे, दोन्ही व्यवस्थित चालतात. पण खारी आणि उंदीर नळी कुरतडतात, बोअरच्या क्षारांनी ड्रिपर बुजतात, आणि शेतीची वीज कधी दिवसा तर कधी रात्री. टायमरला पाणी सोडल्याचं कळतं, झाडाला ते पोचलं का हे कळत नाही. त्यासाठी वाकून बघणारा माणूस लागतो.

मी पगाराचा आकडा सांगितला, तर मामा आकड्यावर काही बोललेच नाहीत. त्यांनी तीन प्रश्न विचारले. कुलूप कुणाकडं ऱ्हानार? झाडाखालचा माल कुणाचा? आणि झाड मेलं तर पैसे कापनार का?

मी आजवर बरेच व्हेंडर काँट्रॅक्ट वाचलेत, पण भांडणाच्या जागा इतक्या नेमक्या आधीच दाखवणारं एकही आठवत नाही. आम्ही ओसरीवर बसून ठरवलं: किल्ली त्यांच्याकडे. आंबा आणि चिकू निम्मा-निम्मा. लिंबं, शेवगा, कढीपत्ता सगळा त्यांचा. बांधावरचं गवत त्यांच्या शेळ्यांना. आणि झाड वाळलं तर पैसे कापायचे नाहीत, मात्र वाळायला लागलं की त्याच दिवशी फोन करायचा.

माल आधी ठरवल्याचा फायदा महिन्याभरात कळला. एका नातेवाइकाचा खास फोन आला: "अरे, तुझा माळी लिंबं विकतोय बाजारात!" म्हटलं, त्याचीच आहेत. विषय संपला.

चौथी गोष्ट ठरायची राहिली होती. मामांच्या बरोबर मामी यायच्या. खुरपणं, आळी साफ करणं, पालापाचोळा गोळा करणं हे बरंचसं त्याच करायच्या. आमच्याकडे गड्याच्या बोलीत बायकोचं काम बऱ्याचदा न बोलता धरलेलं असतं, आणि खुरपणीला गेलं तर बाईची हजेरी पुरुषापेक्षा कमी. तिसऱ्या महिन्यात मी मामींचे पैसे वेगळे काढले आणि त्यांच्या खात्यावर पाठवायला लागलो. मामा हसून म्हणाले, "आता घरात दोन मालक." मामी काही बोलल्या नाहीत, पण पुढच्या खेपेला बागेबद्दल मामांना विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं त्या द्यायला लागल्या.

आणि उत्तरं ऐकण्यासारखी असतात! आमची काळी माती पावसाळ्यात पाणी धरून बसते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. भेगांत बारीक मुळ्या तुटतात. म्हणून फेब्रुवारीतच झाडांखाली उसाचं पाचट पसरायचं. (उजनीचं पाणी आल्यापासून ऊस एवढा वाढलाय की पाचटाला तोटा नाही.) पण बुंध्यापासून वीतभर लांब, नाहीतर वाळवी चढते. लिंबाच्या बुंध्याला पाणी टेकू द्यायचं नाही, डिंक्या होतो. म्हणून बुंध्याशी मातीची भर आणि बाहेरून गोल आळं. बोर एप्रिल-मेमध्ये निर्दयपणे छाटायची, ती उन्हाळाभर झोपते आणि पाणी मागत नाही. आणि नवं झाड लावताना मृगाच्या पहिल्या सरीला भुलायचं नाही. सोलापूर जिल्ह्यात पाऊस जेमतेम, आणि त्यातलाही जोराचा बहुतेक सप्टेंबरात.

आमच्या भागाचा सगळ्यात मोठा माळी म्हणजे सावता महाराज, अरणचे. अरण माढा तालुक्यात, आमच्याहून फार लांब नाही. १२५० ते १२९५ हा त्यांचा काळ. पंढरपूर इतकं जवळ, तरी ते मळा सोडून वारीला गेले नाहीत, मळ्यातच विठ्ठल पाहिला, असं परंपरा सांगते. आषाढीला सगळ्या संतांच्या पालख्या पंढरपुरात येतात, पण सावतोबांच्या पुण्यतिथीच्या सोहळ्यात विठ्ठलाची पालखी अरणला जाते. लहानपणी हे ऐकताना भक्तीची गोष्ट वाटायची. आता त्यात मळ्याचा हिशोबही दिसतो. आषाढात मळा सोडून आठवडाभर गेलं तर परत येईपर्यंत तणाने सगळं गिळलेलं असतं.

खरी परीक्षा २०२४च्या उन्हाळ्यात झाली. २०२३ला उजनी पूर्ण भरलीच नव्हती, आणि उन्हाळ्यात धरणाचा साठा उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेला. आमच्या भागात 'उणे' हा शब्द पोरांना गणिताच्या आधी उजनीमुळे कळतो. आमचं बोअर दिवसाला अर्धा तास चालून धाप टाकायला लागलं. एप्रिलच्या शेवटी मामांचा फोन आला.

"समद्यांना पुरनार न्हाय. कुटली सोडायची, सांगा."

मी त्यांनाच विचारलं. त्यांनी सरळ यादी सांगितली. बोर झोपलीय. आंबे जुने, महिन्यातनं एकदा पाणी दिलं तरी तग धरतील. डाळिंबाला नाहीतरी ताण देतातच, पाला गाळतील पण मरायची नाहीत. प्रश्न चिकूचा आणि लिंबांचा. चिकू राखायचा तर दोन लिंबं सोडावी लागतील. लिंबं त्यांच्या वाट्याची होती, हे इथे सांगायला हवं.

फोन स्पीकरवर होता. आई थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "चिकू राखा. ह्यांनी लावलेला पहिला तोच."

मेअखेर दोन लिंबं वाळली. मामांनी ठरल्याप्रमाणे फोटो पाठवले, मी ठरल्याप्रमाणे पूर्ण पैसे पाठवले. वाळलेली खोडं मात्र त्यांनी लगेच काढली नाहीत. "वहिनींना बघून जाऊ द्या, मग तोडतो." आई जूनमध्ये गेली, दोन्ही खोडांवर हात फिरवून आली, आणि त्याच दुपारी मामांनी ती तोडली. लाकूड मामींच्या चुलीला गेलं.

तर मंडळी, गावाकडच्या बागेचे प्लॅन जरूर करा, पण यादीत माळी पहिल्या ओळीत घ्या. शक्यतो जवळ राहणारा बघा. वर्षाची बोली करा. किल्ली, माल आणि मेलेलं झाड, या तिन्हींचं आधी बोलून घ्या. बरोबर कोण काम करतंय ते बघा आणि त्यांचे पैसे वेगळे द्या.

मामांनी मागच्या पाडव्याला पैसे वाढवून घेतले आणि एक नवी अटही घातली: इथून पुढं रोप आणायच्या आधी त्यांना विचारायचं. लिंबांच्या रिकाम्या जागी मला पेरू हवा होता. मामी म्हणाल्या, बोर लावा.

बोर लावलीय.